ऑफ-सीझनमध्ये बास्केटबॉल टीम सुधरते कशी: पोट्ट्यांचे नेहमीचे प्रश्न

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल जूनमध्ये संपते, आपल्याकडं तेव्हा पेरणीची धांदल असते, अन नेमका त्याच दिवसात खरा बाजार सुरू होतो जो बहुतेक जण पाहतच नाहीत. मॅच बंद झाल्या म्हणून ॲप काढून टाकतात अन ऑक्टोबरमध्ये येऊन विचारतात, भाऊ हा इकडं कधी आला, तो तिकडं कसा गेला. ग्राउंडवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. उदाहरणं एनबीएची आहेत कारण तिथले पगार अन नियम सगळे उघड असतात. शेवटी आपल्या तालुक्याच्या टीमबद्दल पण लिहिलं आहे. पगाराच्या लिमिटचे आकडे २०२५-२६ सीझनचे आहेत, दरवर्षी बदलतात.

ऑफ-सीझन म्हणजे नेमका कधी ते कधी?

फायनल संपली की सुरू, ऑक्टोबरमध्ये नवा सीझन लागेपर्यंत. जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो, त्यात टीमा नंबरानं नवे पोरं निवडतात, मग ३० जूनला तिकडच्या संध्याकाळी ६ वाजता फ्री एजन्सी उघडते, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूंशी बोलणी सुरू होतात, तेव्हा आपल्याकडं १ जुलैची पहाट, साडेतीन. ज्याला जागायचं त्यानं जागावं. तेव्हा सगळं तोंडीच ठरतं, बहुतेक सह्या ६ जुलैनंतर होतात, अन या मधल्या दिवसात एखादा शब्द फिरवतो पण. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डननं डॅलसला हो म्हटलं अन सहीच्या वेळी परत जुन्या क्लिपर्सकडंच बसला. जुलैमध्ये लास वेगासला समर लीग असते, नवे पोरं तिथं दिसतात. ऑगस्टमध्ये बाजार थंड असतो.

एका टीममध्ये किती खेळाडू ठेवता येतात?

पक्के १५, अन टू-वे कॉन्ट्रॅक्टवाले ३, म्हणजे जे मुख्य टीम अन तिची खालची टीम दोन्हीकडं खेळतात. ऑफ-सीझनमध्ये २१ पर्यंत चालतात, सीझन लागायच्या आधी कापावे लागतात.

आयपीएलसारखा लिलाव काहून नाही होत तिथं?

होत नाही कारण तिथं खेळाडू टीमच्या कॉन्ट्रॅक्टवर असतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं की तो मोकळा, मग तो स्वतः ठरवतो कुठं जायचं. लिलावात खेळाडू गप बसून राहतो अन मालक बोली लावतात, इथं उलटं, मालकच खेळाडूच्या दारात जातात. अन कॉन्ट्रॅक्ट सुरू असेल तर टीम त्याला ट्रेड करू शकते, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काही घेऊ शकते, बहुतेक वेळा त्याला न विचारता. रात्री झोपला एका गावात, सकाळी नोकरी दुसऱ्या गावात. आपल्या शिक्षकांच्या बदल्या बऱ्या वाटतात त्यापुढं.

म्हणजे बाहेरून माणूस आणायचे रस्ते तीन: ड्राफ्ट, फ्री एजन्सी, ट्रेड. चौथा रस्ता म्हणजे आहेत त्यांनाच सुधरवणं, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, त्यावर खाली लिहिलं आहे.

सॅलरी कॅप म्हणजे काय बाप्पा? अन कॅप आहे तं टीमा त्याच्या वर कशा जातात?

कॅप म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगाराची मर्यादा. २०२५-२६ ला ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर, रुपयात तेराशे कोटीच्या वर. पण ही मर्यादा कच्ची आहे, तिला दारं ठेवली आहेत, अन अर्धा ऑफ-सीझन या दारांमधूनच चालतो.

सगळ्यात मोठं दार बर्ड राइट्स. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून नाव पडलं. खेळाडू तीन वर्षं तुमच्याकडं असेल तर कॅपच्या वर जाऊनही तुम्ही त्याला परत साइन करू शकता. दोनच वर्षं झाली असतील तर अर्धवट हक्क भेटतो, त्यात पगारवाढीवर टोपण असतं. हे किती महागात पडतं ते न्यूयॉर्क निक्सला विचारा. त्यांचा सेंटर आयझाया हार्टेनस्टाइन २०२४ ला फ्री झाला, निक्सकडं त्याची दोनच वर्षं झाली होती, म्हणून ते जास्तीत जास्त चार वर्षांचे सव्वासात कोटी डॉलर देऊ शकत होते. ओक्लाहोमा सिटीकडं कॅपमध्ये जागा मोकळी होती, त्यांनी तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख टाकले. गेला. निक्सला तो नको होता असं नाही, नियमानं हात बांधलेले होते.

दुसरं दार मिड-लेव्हल एक्सेप्शन, २०२५-२६ ला साधारण १ कोटी ४१ लाख डॉलर. कॅप भरलेली असली तरी एवढ्यात एक बरा खेळाडू, नाहीतर दोन-तीन मिळून, बाहेरून आणता येतात. पगाराचं बिल फार वाढलं की लीग दंडासारखा लक्झरी टॅक्स घेते, तो भरणाऱ्या टीमसाठी हेच दार बारीक होतं, ५७ लाखाच्या आसपास. तिसरं म्हणजे मिनिमम पगारावर माणूस घेणं, ते जवळजवळ सगळ्यांना चालतं.

सेकंड एप्रन सेकंड एप्रन करून राहिले सगळे, हे काय प्रकरण आहे?

लीग अन खेळाडूंच्या २०२३ च्या नव्या करारात आलेली पगाराची वरची रेघ. २०२५-२६ ला ती २० कोटी ७८ लाख डॉलर. आधी काय व्हायचं, मालक श्रीमंत असला तर टॅक्स भरायचा अन खुशाल खेळाडू जमवायचा. आता पैशासोबत हातपाय पण बांधतात. या रेघेच्या वर असाल तर मिड-लेव्हल बंद, ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेणं बंद, ट्रेडमध्ये रोख देणं बंद, अन सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो, म्हणजे तो ट्रेड करता येत नाही.

बॉस्टन पाहा. २०२३ ला कॉन्फरन्स फायनलचा, म्हणजे सेमीफायनलचा, सातवा सामना घरी हरले मायामीशी. त्या उन्हाळ्यात जुना लाडका मार्कस स्मार्ट दिला अन क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणला, मग १ ऑक्टोबरला, म्हणजे कॅम्पच्या तोंडावर, पोर्टलंडकडून जरू हॉलिडे आणला. ६४ मॅच जिंकले, फायनलमध्ये डॅलसला ४-१. एका ऑफ-सीझनमध्ये दोन माणसं अन टायटल. पण बिल फुगत गेलं, मे २०२५ मध्ये जेसन टेटमची टाचेची नस तुटली, अन दीडेक महिन्यात हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला. ज्यांनी टायटल आणलं तेच दोघं. लोक शिव्या घालत होते मालकाला, माझं म्हणणं वेगळं आहे, टेटम वर्षभर बसणार हे दिसत असताना त्या रेघेच्या वर राहण्यात काही शहाणपण नव्हतं.

आपली आवडती टीम तीन सुपरस्टार काहून नाही आणत? एकदाचं काम खतम.

फिनिक्सनं आणले की. फेब्रुवारी २०२३ ला केव्हिन ड्युरंट, त्याच्यासाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन अन पहिल्या राउंडचे चार पिक दिले. मग जूनमध्ये ब्रॅडली बील, ज्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-ट्रेड क्लॉज होता, म्हणजे तो नाही म्हणाला तर त्याला हलवताच येत नाही. डेव्हिन बुकर आधीच होता. कागदावर कसली भारी टीम! तिघंही शॉट मारणारे, बॉल एकच. चांगला पॉइंट गार्ड नाही, बेंचवर मिनिमम पगारवाले, बदल करायला ना पिक उरले ना नियमानं वाट उरली. पहिल्या वर्षी मिनेसोटानं पहिल्याच राउंडमध्ये ४-० नं धुतलं, दुसऱ्या वर्षी ३६ जिंकले अन प्लेऑफपण नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला दिला अन बीलला पैसे देऊन मोकळा केला.

हो, ड्युरंट २०१६ ला गोल्डन स्टेटला गेला तेव्हा जमलं होतं. पण त्या वर्षी टीव्हीच्या नव्या करारामुळं कॅप ७ कोटीवरून थेट ९ कोटी ४० लाखाच्या वर उडाली अन आधीच ७३ मॅच जिंकलेल्या टीमकडं अचानक जागा झाली. तसा योग परत येणार नाही, आता कॅप एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही असा नियमच करून टाकला.

मंग शहाणी टीम काय करते? एक उदाहरण सांग न नीट.

ओक्लाहोमा सिटी. सगळ्यांनी अभ्यास करावा अशी.

२०१९ च्या जुलैमध्ये त्यांच्या पॉल जॉर्जनं ट्रेड मागितला. त्यांनी क्लिपर्सकडून शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या राउंडचे पाच पिक अन पिक अदलाबदलीचे दोन हक्क घेतले. तेव्हा शे एक वर्ष खेळलेला पोरगा होता. मग दोन सीझन टीम मुद्दाम हलकी ठेवली, २२ अन २४ मॅच जिंकल्या फक्त, स्टेडियममध्ये लोक जांभया देत होते. वरुड-काटोलकडं संत्र्याचं झाड लावलं की पाच-सहा वर्षं पाणी घालायचं अन शेजाऱ्याचं बोलणं ऐकायचं, तसं हे चाललं होतं. क्लिपर्सच्या त्या पिकांपैकी एकातून २०२२ ला बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स आला, त्याच ड्राफ्टमध्ये स्वतःच्या पिकवर दुसऱ्या नंबरला चेट होल्मग्रेन.

पण मला खरं कौतुक २०२४ च्या उन्हाळ्याचं आहे. ५७ मॅच जिंकले, दुसऱ्या राउंडला डॅलसशी ६ सामन्यांत हरले. अशी जवान टीम म्हणाली असती की पोरं लहान आहेत, वाट पाहू, तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मात्र हरलो कुठं ते पाहिलं. दोन गोष्टी होत्या. एक, जोश गिडीला डॅलसवाले बाहेरून मोकळा सोडत होते, मार म्हणे, अन त्याला गार्ड करणारा माणूस आत मदतीला जात होता, शेवटी त्याला स्टार्टिंग पाचमधून काढावं लागलं. दोन, रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं. आत उंच अन जाड माणूस नव्हता.

मग काय केलं, गिडी, सहाव्या नंबरचा पिक, वय २१, तो शिकागोला दिला अन बदल्यात फक्त ॲलेक्स करूसो घेतला. तीस वर्षांचा, ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला, डोक्याचे केस उडालेला. वर एक पिक पण नाही मागितला, लोक म्हणाले ठगले गेले. अन दुसऱ्या खड्ड्यासाठी हार्टेनस्टाइन, जो वर सांगितला.

पुढच्या वर्षी ६८ जिंकले. डेन्व्हरशी सातवा सामना झाला तेव्हा निकोला योकिचसारख्या सात फुटी माणसावर साडेसहा फुटाचा पण नसलेला करूसो लावला, तो त्याच्या पुढून-बाजूनं हात घालून बॉलच पोचू देईना, ३२ पॉइंटनं मॅच संपली. मग इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून टायटल. डेन्व्हरच्या त्या सामन्यात कोण कोणाला गार्ड करतो ते एकदा नीट पाहा, स्कोअर नका पाहू.

ड्राफ्टमध्ये पहिला नंबर भेटला की टीम सुधरते का?

कधी कधी. प्लेऑफला न गेलेल्या १४ टीमची लॉटरी होते. २०१९ ला नियम बदलला अन तळाच्या तिघांना सारखाच १४ टक्के चान्स केला, म्हणजे मुद्दाम शेवटचा नंबर काढण्यात पहिल्यासारखी मजा उरली नाही. २०२५ ला डॅलसकडं फक्त १.८ टक्के चान्स होता अन त्यांनाच लागली, कूपर फ्लॅग भेटला, ते पण आपला सुपरस्टार लुका डोन्चिच लेकर्सला देऊन सगळं गाव अंगावर घेतल्यानंतर काही महिन्यांनीच. नशीबच म्हणा.

उलट बाजू अशी की योकिच २०१४ ला ४१ व्या नंबरवर गेला होता. जेलन ब्रन्सन ३३ वा. लुगेन्ट्झ डॉर्टला तर २०१९ ला कोणी घेतलंच नाही, टू-वे कॉन्ट्रॅक्टवर ओक्लाहोमाला आला अन २०२५ ला टायटल तर जिंकलंच, डिफेन्सच्या पहिल्या टीममध्ये पण आला. म्हणून समर लीगमध्ये पहिल्या पिकवाल्यांवरच डोळे लावून बसू नका.

टीम आपले पुढचे सगळे पिक विकू शकते का?

नाही. क्लीव्हलंडचे जुने मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकात पिक असे वाटले की लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक हातचे घालवता येत नाहीत. नियमाला त्यांचंच नाव आहे. काय नशीब, माणूस अमर झाला.

चुकीच्या माणसाला मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं तं सुटका कशी?

कोणी घेत असेल तर ट्रेड, नसेल तर आपसात बोलून कमी पैशात मोकळा करणं, ते पण नसेल तर स्ट्रेच. म्हणजे उरलेला पगार उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक एवढ्या वर्षांत पसरवायचा. मिलवॉकीनं जुलै २०२५ ला डेमियन लिलार्डचं तसं केलं. त्याची टाचेची नस तुटलेली, दोन वर्षांचे ११ कोटी डॉलरच्या वर बाकी, ते पाच वर्षांवर टाकले, दरवर्षी सव्वादोन कोटी. त्या जागेत मायल्स टर्नर आणला. न खेळणाऱ्या माणसाचा पगार पाच वर्षं कॅपवर चढून बसणार. मला हा सौदा पटला नाही, टीमचा सुपरस्टार यानिस, त्याला खूश ठेवायची घाई दिसते त्यात.

त्या रणदिवेंची टीम आहे न एक? ते आपले मराठीच ना?

विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्जचे मुख्य मालक. २०१९ ला टीम मुंबईला खेळायला पण आणली होती. किंग्ज लागोपाठ १६ सीझन प्लेऑफला गेली नव्हती, लीगमधला सगळ्यात मोठा दुष्काळ. २०२२ चा उन्हाळा मात्र त्यांनी छान काढला: कोच माइक ब्राउन, ट्रेडमधून शूटर केव्हिन ह्यूर्टर, फ्री एजन्सीतून मलिक मंक, ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर कीगन मरे. एकही सुपरस्टार नाही, सगळे डीॲरन फॉक्स अन सबोनिसच्या बाजूला मोकळ्यात उभं राहून शॉट मारणारे. ३० वरून ४८ विजय. अन कोचचा पगार कॅपमध्ये धरत नाहीत हे पण लक्षात ठेवा, सगळ्यात स्वस्त सुधारणा कधी कधी बेंचच्या कडेला उभी राहते. पुढं त्यांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच कोचला काढलं, फॉक्स पण गेला. तो विषय नको.

कोणी न आणता टीम सुधरू शकते?

हाच चौथा रस्ता. ब्रूक लोपेझचं उदाहरण मी सारखं देतो, पोट्टे कंटाळले आता. सात फुटाचा सेंटर, पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून तीन थ्री-पॉइंटर मारले होते. तीन! मग उन्हाळ्यात शॉट बनवला अन २०१६-१७ च्या एका सीझनमध्ये १३४ मारले. तेव्हा तो ब्रूकलिनमध्ये होता, २०२१ ला मिलवॉकीसोबत टायटल जिंकलं. कॅपवर एक डॉलर चढला नाही त्या सुधारणेचा.

आपल्याकडचा कोणी गेला का ड्राफ्टमध्ये?

सतनाम सिंग, पंजाबमधल्या बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के गाव, शेतकऱ्याचं पोरगं, सात फूट दोन इंच. २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएची मॅच मात्र खेळायला भेटली नाही.

हे सगळं ठीक आहे, पण आपल्या तालुक्याच्या टीमले यातलं काय कामाचं?

पगार नाही, कॅप नाही, पण माणसं जातात ते सेमच. बारावी झाली की नागपूर, अमरावती, पुणे. कोणी पोलीस भरतीच्या मागं लागतो. शालेय स्पर्धेत १४, १७, १९ असे वयाचे गट असतात, म्हणजे दरवर्षी कोणाचा ना कोणाचा जन्मतारखेनं पत्ता कट होतो. म्हणून एप्रिलमध्येच वही घ्या अन लिहा, ऑगस्टमध्ये कोण नसणार. आपल्याकडं हे जिल्ह्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी कळतं.

मग हरलेल्या मॅचचे स्कोअरशीट काढा. फेकून देऊ नका ते कागद. बहुतेक वेळा दिसेल की आपण शॉट कमी मारले म्हणून नाही हरलो, आपला गार्ड तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचव्या फाउलवर बाहेर गेला अन त्याच्यानंतर बॉल वर आणणारा दुसरा कोणी नव्हता म्हणून हरलो. असं असेल तर उन्हाळ्यात सहा फुटाचं पोरगं शोधत गावोगाव फिरू नका, आहे त्यातल्या एका लहान चपळ पोट्ट्याला डाव्या हातानं ड्रिबल शिकवा. अन फ्री थ्रो. फ्री थ्रो मोजून वहीत लिहायला लावा, रोज, नावासकट.

उंच माणूस खरंच लागत असेल तर व्हॉलीबॉलच्या ग्राउंडवर जा. आपल्या खेड्यांत उंच पोरं तिथं असतात, उडी तयार असते, हात वर ठेवायची सवय असते, रिबाउंडला तेवढं बस. व्हॉलीबॉलच्या सरांना विचारून न्या मात्र, चोरून नेलं तर भांडण.

उन्हाळ्यात प्रॅक्टिस कशी करायची, ४५ डिग्री असते?

सकाळी साडेपाच ते साडेसात, बस. दुपारी सिमेंटचं कोर्ट तापून बुटाचा सोल सुटतो. जूनमध्ये पेरणी लागली की अर्धे पोट्टे वावरात असतात, त्यांना ओरडू नका, डवरणी-निंदण आटोपलं की येतात. अन पावसात कोर्टावर शेवाळ धरतं, त्यावर खेळून गुडघा घालवण्यापेक्षा झाडूनं घासून घ्या आधी, काळी माती चिकटलेले बूट बाहेर काढायला लावा. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बीपीएड करणारं गावातलं कोणी सुट्टीवर घरी आलं असेल तर त्याला आठ दिवस धरून ठेवा, चहा पाजा, ड्रिल लिहून घ्या.

बक्षिसाच्या टुर्नामेंटले नागपूरचे दोन भारी खेळाडू आणू का? सगळेच आणतात.

नियमात बसत असेल तर आणा, मी नाही म्हणणार नाही, पण ते कोणाच्या जागी खेळणार ते आधी ठरवा अन ज्याला बसवणार त्याला तुम्ही स्वतः सांगा, सामन्याच्या दिवशी जर्सी वाटताना नाही. दोघं बॉल हातात ठेवणारे असतील तर एकच आणा. दुसरा आणायचाच असेल तर रिबाउंड घेणारा आणा. अन त्यांचं येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार हे वर्गणी गोळा करायच्या आधी बोलून घ्या.